जुनी चर्च: ठेवायची कोणती, विकायची कोणती?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सिच्युएट नावाचे समुद्रकाठचे एक गाव आहे. तेथील सेंट फ्रान्सेस झेवियर कॅब्रिनी चर्चमध्ये २९ मे २०१६ रोजी शेवटची प्रार्थना झाली आणि सुमारे साडेअकरा वर्षे चाललेला एक पहारा संपुष्टात आला. ऑक्टोबर २००४ मध्ये बोस्टनच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने हे चर्च बंद ठरवले, तेव्हापासून तेथील भाविक आळीपाळीने चर्चमध्येच मुक्काम ठोकून होते. इमारत क्षणभरही रिकामी सापडली, तर कुलपे बदलली जातील, अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे दिवसाच्या चोवीस तासांचे वेळापत्रक तयार करण्यात आले आणि हिमवर्षाव असो वा नाताळ, कोणी ना कोणी तेथे हजर राहिले.

हे भाविक धर्मविरोधक नव्हते की फुटीर गटाचेही नव्हते. आपण आणि आपल्या आईवडिलांनी वर्गणी देऊन उभारलेली व सांभाळलेली इमारत विकण्याचा अधिकार नेमका कोणाचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. रोममधील धर्मन्यायालयांनी त्यांचे म्हणणे फेटाळले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयांनी त्यांना अतिक्रमण करणारे ठरवले आणि १६ मे २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका सुनावणीसाठी स्वीकारण्यास नकार दिला.

पहारा संपला, पण प्रश्न संपला नाही. अमेरिका व पश्चिम युरोपातील अनेक कॅथलिक धर्मप्रांतांसमोर आज तोच प्रश्न आहे. इमारती जुन्या झाल्या आहेत, छपरे गळत आहेत, येणारे भाविक कमी होत आहेत आणि धर्मगुरू त्याहूनही कमी. सर्व इमारती ठेवणे अशक्य आहे, हे बहुतेकांना मान्य असते. वाद सुरू होतो तो कोणती ठेवायची या टप्प्यावर.

एवढी चर्च आली कोठून?

अमेरिकेच्या ईशान्येकडील आणि महासरोवरांच्या परिसरातील औद्योगिक शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश, लिथुआनियन, स्लोव्हाक अशा स्थलांतरितांचे लोंढे आले. प्रत्येक समाजाला आपल्या भाषेत प्रवचन ऐकायचे होते, पापनिवेदन आपल्या भाषेत करायचे होते. परिणामी एकाच वस्तीत, काही वेळा दोन-तीन गल्ल्यांच्या अंतराने, आयरिशांचे एक, पोलिशांचे दुसरे आणि इटालियनांचे तिसरे चर्च उभे राहिले. गिरणी कामगारांनी, मोलकरणींनी आठवड्याच्या पगारातून बाजूला काढलेल्या पैशांतून दगडी मनोरे आणि रंगीत काचांच्या खिडक्या घडल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कुटुंबांची मुले उपनगरांत राहायला गेली, नातवंडांची भाषा इंग्रजी झाली आणि कारखाने बंद पडले. इमारती मात्र होत्या तेथेच राहिल्या. त्यांची पाटीची छपरे, विटांचे सांधे आणि हिवाळ्यात हजारभर माणसांचे दालन उबदार ठेवणारी बॉयलर यंत्रणा, यांचा खर्च समोर शंभर माणसे बसली म्हणून कमी होत नाही. दुसऱ्या बाजूने धर्मगुरूंची संख्या घटत गेली. १९७० मध्ये अमेरिकेत सुमारे ५९ हजार कॅथलिक धर्मगुरू होते. अर्ध्या शतकानंतर ही संख्या सुमारे ३५ हजारांवर आली असून त्यांतील अनेक जण निवृत्त आहेत. पॅरिशांची संख्या याच काळात १८ हजारांवरून १६ हजार ते १७ हजारांच्या घरात आली, म्हणजे त्या मानाने फारच कमी घटली.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. वसई परिसरातील मराठी कॅथलिक समाजात पॅरिशला ‘धर्मग्राम’ आणि डायोसिसला ‘धर्मप्रांत’ म्हणतात. आपल्याकडील वृत्तपत्रांत हे शब्द क्वचितच आढळतात. परंतु या विषयासाठी याहून नेमके शब्द शोधूनही सापडणार नाहीत. ग्राम म्हणजे घरांच्या भिंती नव्हेत, ग्राम म्हणजे तेथील माणसे. कॅथलिक धर्मविधानातील पॅरिशची व्याख्याही हेच सांगते: एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली स्थिरपणे नांदणारा भाविकांचा समुदाय. चर्च ही त्या समुदायाची वास्तू. समुदाय आणि वास्तू या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे बोस्टनमध्ये काय घडले, ते आता पाहू.

बोस्टन, २००४

बोस्टनच्या महाधर्मप्रांतावर त्या काळी दुहेरी संकट होते. धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची प्रकरणे जानेवारी २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ दैनिकाने उघडकीस आणली. ती दडपल्याच्या आरोपांनंतर कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी डिसेंबर २००२ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले आर्चबिशप शॉन ओमॅली यांनी सप्टेंबर २००३ मध्ये साडेपाचशेहून अधिक पीडितांशी साडेआठ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यानंतर आर्चबिशपांचे निवासस्थान आणि त्याभोवतीची जमीन बोस्टन कॉलेजला सुमारे दहा कोटी डॉलरना विकण्यात आली.

या पार्श्वभूमीवर २५ मे २००४ रोजी घोषणा झाली: महाधर्मप्रांतातील ३५७ धर्मग्रामांपैकी ६५ बंद होणार. चर्च विकून आलेला पैसा शोषणाच्या भरपाईसाठी वापरला जाणार नाही, असे महाधर्मप्रांताने वारंवार स्पष्ट केले. बाकावर बसणाऱ्या सामान्य भाविकाला मात्र दोन्ही बातम्या एकापाठोपाठ ऐकायला मिळाल्या होत्या, आणि त्याने त्यांची सांगड घातली यात नवल नाही.

निवडीची पद्धत काय होती? शेजारशेजारच्या धर्मग्रामांचे गट पाडण्यात आले आणि बंद करावयाचे झाल्यास आपल्यापैकी कोणते, हे त्या गटांनीच सुचवावे असे सांगण्यात आले. प्रत्येक धर्मग्रामाला एक ‘संस्कार-निर्देशांक’ देण्यात आला. वर्षभरातील बाप्तिस्मे आणि अंत्यविधी यांच्या बेरजेत विवाहांची दुप्पट संख्या मिळवली की हा अंक निघे. त्याच्या जोडीला रविवारची उपस्थिती, इमारतीची अवस्था आणि आर्थिक स्थिती विचारात घेतली गेली.

कागदावर ही पद्धत न्याय्य दिसते. प्रत्यक्षात तिने शेजाऱ्यांना शेजाऱ्यांविरुद्ध उभे केले. एका टेबलाभोवती पाच धर्मग्रामांचे प्रतिनिधी बसले असतील आणि एकाचे नाव द्यायचे असेल, तर सर्वांत लहान, सर्वांत गरीब किंवा त्या दिवशी सर्वांत कमी बोलणारा बळी पडतो, हे सांगण्यास धर्मशास्त्राची गरज नाही. शिवाय अशा निर्देशांकाला म्हाताऱ्यांची वस्ती दिसत नाही. जेथे लग्ने होत नाहीत, पण रोज सकाळी पंधरा वृद्ध पायी चालत प्रार्थनेला येतात, तेथे अंक लहानच निघणार. याउलट चर्च आर्थिकदृष्ट्या स्वयंपूर्ण असूनही बंद होणार, अशी काही उदाहरणे होती. त्यांत सिच्युएटचे भाविक स्वतःची गणना करीत. त्यांच्या चर्चभोवती समुद्राजवळची सुमारे तीस एकर जमीन होती. आपल्या चर्चवर पडलेली नजर खरे तर त्या जमिनीवर होती, असा त्यांचा समज झाला आणि तो अखेरपर्यंत कायम राहिला.

ओमॅली यांनाही हा काळ सोपा गेला नाही. धर्मग्राम बंद करणे हे आपल्या चाळीस वर्षांच्या संन्यस्त जीवनातील सर्वांत कठीण काम असल्याचे त्यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये भाविकांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. अनेक चर्चमध्ये सिच्युएटसारखे पहारे सुरू झाले. वेमथ येथील सेंट अल्बर्ट द ग्रेट या धर्मग्रामाचा निर्णय २००५ मध्ये मागे घेण्यात आला. काही ठिकाणी पोलिसांची मदत घेऊन दारे बंद करावी लागली.

‘चर्च बंद’ म्हणजे तीन निर्णय

वृत्तसंस्थांच्या बातम्यांत ‘चर्च बंद’ एवढेच दोन शब्द असतात. भाषांतरातही तेच दोन शब्द येतात. वस्तुतः कॅथलिक धर्मविधानानुसार त्यांत तीन वेगवेगळे निर्णय दडलेले असतात आणि प्रत्येकाचे निकष वेगळे आहेत.

पहिला निर्णय समुदायाविषयी: धर्मग्राम दुसऱ्यात विलीन करणे, विभागणे किंवा विसर्जित करणे. धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकून घेतल्यावर हा निर्णय बिशप घेऊ शकतो आणि त्यासाठी योग्य कारण पुरेसे ठरते. दुसरा निर्णय वास्तूविषयी: चर्चची पूजास्थान ही ओळख काढून घेणे. यासाठी साधे कारण चालत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२२२ नुसार चर्च उपासनेसाठी कोणत्याही प्रकारे वापरण्याजोगे उरले नसेल आणि दुरुस्तीही शक्य नसेल, अथवा दुसरे ‘गंभीर कारण’ असेल, तरच हे करता येते. गंभीर कारणाच्या बाबतीत धर्मगुरूंच्या परिषदेचा सल्ला घ्यावा लागतो, ज्यांचा त्या चर्चवर वैध हक्क आहे त्यांची संमती लागते आणि भाविकांच्या आत्मिक हिताला बाधा येता कामा नये अशी अट आहे. तिसरा निर्णय मालमत्तेविषयी, म्हणजे प्रत्यक्ष विक्री. तेथे धर्मप्रांताची वित्तीय परिषद आणि सल्लागार मंडळ यांची संमती आवश्यक असते. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर रोमची परवानगी घ्यावी लागते.

म्हणजेच धर्मग्राम विलीन झाले, तरी चर्च उपासनेसाठी खुले राहू शकते. चर्च रिकामे राहिले, म्हणून ते विक्रीस निघाले असे होत नाही. एक निर्णय झाला की उरलेले दोन आपोआप झाले, असे धर्मविधान कोठेही म्हणत नाही.

बोस्टनमध्ये मात्र ते तसे गृहीत धरले गेले. धर्मग्राम विसर्जित झाले, तर त्याची मालमत्ता वरच्या पायरीवरील संस्थेकडे, म्हणजे महाधर्मप्रांताकडे जाते. विलीन झाले, तर ती नव्या धर्मग्रामाकडे, म्हणजे जेथे भाविक गेले तेथे जाते. दोन शब्दांतील हा फरक कोट्यवधी डॉलरचा होता. महाधर्मप्रांताने पहिला अर्थ लावला. व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक विभागाने २००५ मध्ये त्याला आक्षेप घेतला आणि मार्च २००६ मध्ये अमेरिकी बिशपांच्या परिषदेच्या अध्यक्षांना पत्र पाठवून खुलासा केला: एखाद्या भागातील माणसे कोठे नाहीशी झालेली नसतात, ती शेजारच्या धर्मग्रामात जातात; म्हणून सामान्यतः हे विसर्जन नसून विलीनीकरणच असते आणि मालमत्ता माणसांमागे जाते.

या गोंधळात मुलकी कायद्याने भर घातली. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९७ पासून बोस्टनचे आर्चबिशप हे कायद्याच्या दृष्टीने एकव्यक्ती निगम आहेत. खरेदीखतांवर नाव असते ते त्यांचे. धर्मविधानाच्या दृष्टीने मालक धर्मग्राम, मुलकी कायद्याच्या दृष्टीने मालक आर्चबिशप. शिवाय धर्मसंस्थेच्या अंतर्गत कारभारात पडायचे नाही, हे अमेरिकी न्यायालयांचे जुने धोरण आहे. सिच्युएटचे भाविक न्यायालयात हरले, त्याचे मूळ येथे आहे.

‘अपवित्र’ नव्हे

चर्चची पूजास्थान ही ओळख काढून घेण्याच्या निर्णयासाठी धर्मसंहितेत वापरलेले लॅटिन शब्द इंग्रजीत ‘प्रोफेन बट नॉट सॉर्डिड’ असे येतात. भाषांतर करणाऱ्याच्या हातून पहिल्या शब्दासाठी ‘अपवित्र’ असा प्रतिशब्द सहज लिहिला जातो आणि अर्थाचा अनर्थ होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘देवळाबाहेरचे’ इतकाच आहे. मराठीत त्यासाठी ‘लौकिक’ हा शब्द योग्य ठरेल. वास्तूचा वापर लौकिक कामासाठी व्हावा, परंतु तो अशोभनीय नसावा, असा या तरतुदीचा आशय आहे. चर्चचे ग्रंथालय झाले तर ते लौकिक. त्याचा जुगारअड्डा झाला तर ते अशोभनीय. मधल्या गोष्टींचे काय, मद्यालयाचे काय, व्यायामशाळेचे काय, याचे उत्तर संहितेत नाही. ते बिशपांच्या विवेकावर सोडलेले आहे. सोडले नसते तर बरे झाले असते, असे काही युरोपीय शहरांतील उपाहारगृहे पाहून वाटते.

एक बारकावा येथे सांगण्यासारखा आहे. इमारत लौकिक वापरासाठी दिली, तरी वेदी आपले पावित्र्य गमावत नाही, असे संहितेत स्वतंत्र कलम आहे. म्हणून विक्रीपूर्वी वेदी हलवावी लागते. संतांचे अवशेष विकण्यास तर सक्त मनाई आहे. मूर्ती, काचचित्रे, घंटा, बाप्तिस्म्याचे पात्र यांची यादी करून ती दुसऱ्या चर्चला देण्याची प्रथा आहे. बफेलो शहरातील सेंट जेरार्ड हे २००८ मध्ये बंद झालेले चर्च तर दगडन् दगड सुटा करून दीड हजार किलोमीटरांच्या आसपास अंतरावरील जॉर्जिया राज्यात नव्याने उभारण्याची योजना आखण्यात आली होती. तेथील वाढत्या धर्मग्रामाला मोठे चर्च हवे होते आणि बफेलोत मोठे चर्च रिकामे पडले होते. ही योजना तडीस गेली नाही.

क्लीव्हलंडमध्ये उलटलेले निर्णय

बोस्टनमध्ये कार्डिनल लॉ यांच्यानंतर काही महिने हंगामी कारभार पाहणारे बिशप रिचर्ड लेनन पुढे ओहायो राज्यातील क्लीव्हलंडचे बिशप झाले. २००९ आणि २०१० या काळात त्यांनी सुमारे पन्नास धर्मग्राम बंद किंवा विलीन केले. त्यांत जुन्या स्थलांतरितांची अनेक चर्च होती.

पोलिश समाजाचे सेंट कॅसिमीर हे त्यांपैकी एक. चर्चला कुलूप लागले, त्यानंतर तेथील भाविक दर रविवारी कुंपणाबाहेर पदपथावर जमू लागले. धर्मगुरू नाही, वेदी नाही, मिस्सा नाही; पोलिश भाषेतील प्रार्थना आणि स्तोत्रे तेवढी. अडीच वर्षांहून अधिक काळ, क्लीव्हलंडच्या हिवाळ्यातही, हा क्रम चालू राहिला. दुसऱ्या एका धर्मग्रामातील, सेंट पीटरमधील अनेक भाविकांनी वेगळी वाट धरली. आपल्या धर्मगुरूसह त्यांनी भाड्याच्या जागेत उपासना सुरू केली. बिशपांचा आदेश मोडल्याबद्दल पुढे त्या धर्मगुरूला धर्मबहिष्कृत करण्यात आले.

जे कुंपणाबाहेर थांबले, त्यांनी रोमकडे दाद मागितली. त्यासाठी मुदती फार कडक आहेत. निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत खुद्द बिशपांकडे फेरविचाराची विनंती करावी लागते. ती फेटाळली गेली, तर पंधरा दिवसांत रोमकडे अर्ज पोहोचवावा लागतो. दहा दिवसांत लॅटिन परिभाषा जाणणारा कोणी धर्मविधिज्ञ शोधणे हे सामान्य भाविकाच्या आवाक्यातील काम नव्हे आणि अनेकांचे अर्ज याच एका कारणाने बाद झाले आहेत.

मार्च २०१२ मध्ये निकाल आला. क्लीव्हलंडमधील तेरा धर्मग्रामांबाबतचे बिशपांचे निर्णय व्हॅटिकनने रद्दबातल ठरवले. विहित कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे कारण देण्यात आले. असा सामूहिक निकाल क्वचितच लागतो. लेनन यांनी पुढे अपील केले नाही. जुलै २०१२ मध्ये सेंट कॅसिमीरची दारे पुन्हा उघडली.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड आणि पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाऊन येथील काही प्रकरणांत रोमने वेगळा मार्ग काढला: धर्मग्रामाचे विलीनीकरण वैध, परंतु चर्चची वास्तू उपासनेसाठी राहिली पाहिजे. बोस्टनमध्ये एकमेकांत मिसळलेले पहिले दोन निर्णय येथे वेगळे झाले.

‘गंभीर कारण’ कोणते?

या साऱ्या वादांनंतर ३० एप्रिल २०१३ रोजी व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक विभागाने मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. कोणते चर्च ठेवायचे, या प्रश्नावर आजवर झालेल्या लेखनात हा छोटा दस्तऐवज सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल. कारण कोणती कारणे गंभीर नाहीत, हे त्यात स्पष्ट शब्दांत मांडलेले आहे. चर्चची संख्या घटवण्याचा धर्मप्रांताचा सर्वसाधारण आराखडा हे गंभीर कारण नव्हे. धर्मग्राम विसर्जित झाले आहे, एवढे कारण पुरेसे नाही. धर्मगुरूंची टंचाई, लोकसंख्येतील घट किंवा संपूर्ण धर्मप्रांताची आर्थिक अडचण, ही कारणेही त्या विशिष्ट चर्चला लागू पडत नसतील, तर चालणार नाहीत. उद्या परिस्थिती बिघडेल ही शक्यताही कारण म्हणून मान्य नाही. कारण आजचे असले पाहिजे.

मग चालते काय? त्या एका इमारतीच्या देखभालीसाठी प्रत्यक्ष पैसा नसणे आणि तो उभा करण्याचे अन्य वाजवी मार्ग चोखाळूनही अपुरे पडणे. इमारत माणसांच्या अंगावर कोसळण्याच्या अवस्थेत असणे. म्हणजे हिशेब करायचा तो प्रत्येक इमारतीचा वेगळा, तिच्या वह्या उघडून, तिच्या छपरावर चढून. २०२० च्या जुलैमध्ये निघालेल्या धर्मग्रामविषयक निर्देशपत्रातही याच भूमिकेचा पुनरुच्चार आहे.

ही अट धर्मप्रांतांना जाचक वाटते, हे उघड आहे. शंभर इमारतींचा एकत्रित आराखडा वर्षभरात तयार होतो. शंभर इमारतींचा वेगवेगळा विचार करण्यात दहा वर्षे जातात, आणि तोवर त्यांतील वीस आपोआप कोसळतात. हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु एकत्रित आराखड्यात एखाद्या चर्चवर होणारा अन्याय आकडेवारीत मिसळून जातो आणि तो कोणी केला हे कोणालाच सांगता येत नाही. बोस्टनचे भाविक चिडले ते मुख्यतः यामुळे. आमचे चर्च का, या प्रश्नाला त्यांना त्यांच्या चर्चपुरते उत्तर मिळाले नाही.

अलीकडच्या योजनांत या सूत्रांचा प्रभाव जाणवतो. बाल्टिमोर हा १७८९ मध्ये स्थापन झालेला अमेरिकेतील पहिला कॅथलिक धर्मप्रांत. आर्चबिशप विल्यम लोरी यांनी मे २०२४ मध्ये तेथील अंतिम आराखडा जाहीर केला. त्यात ६१ धर्मग्रामांचे २३ झाले, मात्र उपासनेची स्थाने ३० ठेवण्यात आली. धर्मग्रामांचा आकडा आणि वास्तूंचा आकडा वेगळा दिला जाणे, ही बोस्टननंतरच्या वीस वर्षांची कमाई म्हणता येईल. अर्थात तेथेही अनेकांनी अश्रू ढाळले. शिवाय लैंगिक शोषणाच्या दाव्यांमुळे या महाधर्मप्रांताने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, त्यामुळे जुनी शंका पुन्हा डोके वर काढून उभीच होती.

विकायचे तर कोणाला?

नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या सांस्कृतिक परिषदेने रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठात या विषयावर परिसंवाद घेतला. चर्च रिक्त होण्याकडे केवळ चिंतेने पाहू नये, मात्र विल्हेवाट हा पहिला आणि एकमेव उपाय मानू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी या परिसंवादाला पाठवलेल्या संदेशात म्हटले होते. तेथे तयार झालेल्या सूत्रांनुसार वस्तुसंग्रहालय, ग्रंथालय, पुस्तकांचे दुकान, दवाखाना, अन्नछत्र असे सांस्कृतिक वा सामाजिक उपयोग इष्ट मानले आहेत. नफ्यासाठी केलेला व्यापारी वापर शक्य तो टाळावा आणि स्थापत्यदृष्ट्या सामान्य असलेल्या इमारतींचे निवासात रूपांतर करण्यास हरकत नसावी, असे त्यांत म्हटले आहे.

नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट शहराचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तेराव्या शतकातील डॉमिनिकन चर्च फ्रेंच राजवटीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस उपासनेतून बाद झाले. पुढे त्याचे कोठार झाले, काही काळ तेथे सायकलीही ठेवल्या जात. २००६ पासून तेथे पुस्तकांचे दुकान आहे. उंच कमानींखाली पोलादी मजले उभे करून पुस्तके मांडली आहेत, मूळ भिंतींना हात लावलेला नाही. मात्र या रूपांतराला दोनशेहून अधिक वर्षे लागली, हे सांगायचे सहसा राहून जाते.

कोणताच निर्णय न घेतल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याकडे गोव्यात आहे. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धार्मिक संघांना गोव्यातून बाहेर काढले आणि जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्च ओसाड पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा मोठा भाग पडला. सुमारे ४६ मीटर उंचीचा जो अवशेष आज उभा आहे, तो पाहण्यास पर्यटक गर्दी करतात. त्या चर्चचा कोणी लिलाव केला नाही की ते लौकिक वापरासाठीही दिले नाही.

मे २०२५ मध्ये पोपपदी निवडले गेलेले लिओ चौदावे यांचे बालपण शिकागोच्या दक्षिण भागात गेले. ज्या सेंट मेरी ऑफ द असम्प्शन धर्मग्रामात त्यांचे कुटुंब जात असे, तेथील चर्च २०११ मध्येच बंद झाले होते. त्यांची निवड झाली तेव्हा ती इमारत रिकामी आणि जीर्ण अवस्थेत उभी होती. नव्या पोपचे बालपणीचे चर्च पाहण्यासाठी वार्ताहर तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना छायाचित्रे घ्यावी लागली ती मोडक्या छपराची आणि भिंतींवरील रंगांच्या खुणांची.

बोस्टनच्या २००४ मधील यादीकडे परत येऊ. त्या यादीत फ्रेमिंगहॅम येथील सेंट जेरेमाया हे चर्च होते. तेथील भाविकांनीही पहारा दिला, रोमकडे अर्ज केले, आणि त्यांनाही आपले धर्मग्राम परत मिळाले नाही. दरम्यान, केरळमधून त्या भागात स्थायिक झालेल्या सिरो-मलबार कॅथलिकांना उपासनेसाठी जागा हवी होती. हा समाज रोमशी संलग्न असला, तरी त्याची उपासनापद्धती पूर्वेकडील सिरियाक परंपरेची आहे आणि २००१ पासून शिकागो येथे त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. आधी वापरासाठी आणि पुढे विक्रीने ही वास्तू त्यांच्याकडे गेली. जुन्या भाविकांपैकी काहींनी या विक्रीलाही विरोध केला होता. आपल्या हातून निसटलेले चर्च चर्चच राहिले, यात समाधान मानावे की नाही, यावर त्यांच्यात एकमत नव्हते. आता तेथे सेंट थॉमसच्या नावाची पाटी आहे आणि रविवारी मलयाळम भाषेत कुर्बाना होते.